अर्ध्यातच मिटायचं पुस्तक

झोपण्याआधी पुस्तक वाचलं की डोकं शांत होतं, झोप चांगली लागते, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हो हो म्हणून पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं असतं. आमच्या घरात पुस्तक औषध म्हणून आलं, आणि तेही दुसरं औषध द्यायला डॉक्टर तयार नव्हते म्हणून.

सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्या म्हणायची आमच्याकडे रीत आहे. मामांचा जन्म टेंभुर्णीहून ट्रक चालवण्यात गेला, बहुतेक रात्रीच्याच फेऱ्या. हृदयाचं दुखणं निघालं तसं आम्ही दोघांना जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर आणलं. ऑपरेशन ठरलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मामांचं बीपी इतकं चढलेलं होतं की डॉक्टरांनी त्यांना परत पाठवलं. आदली रात्र ते पलंगावर नुसते बसून होते. दम लागत असल्यामुळे झोपेची गोळी देता येत नव्हती. नवी तारीख देताना डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेतलं. आता आणखी लांबवणं धोक्याचं आहे, त्यांना झोप लागलीच पाहिजे, टीव्ही-फोन बंद करा आणि काहीतरी वाचून दाखवा, असं त्यांनी सांगितलं.

नवरा हे मला सांगून मोकळा झाला. वाचायचं अर्थात मी. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मामांचे सुजलेले पाय बघितले आणि गप्प बसले.

पहिली चूक आम्ही सगळ्यांनी मिळून केली. वाचायचं म्हटल्यावर आत्यांनी देवघरातली पोथी काढली. मी हातपाय धुऊन, डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसले. मामांनी टोपी घातली, मांडी घातली आणि हात जोडून ताठ बसले. पोथी ऐकताना डुलकी लागली तर पाप, असं लहानपणापासून कानात भरलेलं. अध्याय अर्धा टाकायचा नाही, हेही तसंच. म्हणजे माणसाला झोप यावी म्हणून आम्ही त्याला असं काही ऐकवत होतो की ज्यात झोपायची बंदी. अध्याय संपला तेव्हा माझेच डोळे मिटत होते आणि मामा टक्क जागे. सकाळी बीपी आणखी वर.

मग मी कॉलनीतल्या वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली. मोठ्या गलबतावरच्या एका खलाशाची गोष्ट होती. मामांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे उजनी धरण, समुद्र कधी पाहिलेला नव्हता. तरी ते आडवे पडून ऐकू लागले. वादळात सुकाणू कुणाच्या हातात आहे, तो किती वेळचा जागा आहे, हे ते मला थांबवून विचारायचे. गोष्ट आवडली होती यात शंका नाही, पण झोप नव्हती. आत्या शेजारी वाती वळत बसायच्या. त्यांच्या लेखी पुस्तक म्हणजे पोथीच, त्यामुळे प्रकरण संपल्याशिवाय त्या मला उठू देत नव्हत्या. प्रकरण संपलं की मामा छताकडे बघत पडून राहायचे. तारीख जवळ येत होती आणि मी हात टेकले होते.

एका रात्री वाचता वाचता माझा आवाज बसला. खलाशी डोलकाठीवर अर्ध्यापर्यंत चढलेला होता. मी खूण घालून पुस्तक मिटलं. आत्या म्हणाल्या, असं अर्ध्यावर टाकू नये, ऑपरेशन तोंडावर आलंय. मी जरा फटकन बोलले, की घसा माझा आहे. आत्यांनी तोंड फिरवलं. एवढ्यात मामांच्या घोरण्याचा आवाज आला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

सकाळी बीपी उतरलं होतं. मला वाटलं योगायोग असेल. दुसऱ्या रात्री हट्टाने प्रकरण पुरं केलं तर मामा पुन्हा जागे. तिसऱ्या रात्री त्यांनी स्वतःच पुस्तकावर हात ठेवला.

"हितंच थांब. बाकीचं उद्या वाच की."

मी कारण विचारलं. ते हळूहळू सांगायला लागले. लांबच्या फेरीला निघायचं असलं की ते घरातलं एक काम मुद्दाम अर्धं ठेवायचे. कधी बाजेची नवार अर्धी विणलेली, कधी गोठ्याच्या कुडाला अर्धंच लिंपण.

"अर्धं काम मागं वढतंय माणसाला," ते म्हणाले. "पुरं करून गेलो की रातभर वाटायचं, आता माझं घरी काय काम? सगळं पुरं झालं की झोपायचं भ्याच वाटतंया बघ."

आत्यांच्या हातातली वात थांबली होती. ती नवार पुढे कोण विणायचं हे मला ठाऊक होतं. मामांच्या आळसाच्या नावाने बोटं मोडत आत्या ती पुरी करून टाकायच्या, हे त्यांनीच मला कितीदा रंगवून सांगितलं होतं. त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आत भांडी उगाचच वाजत राहिली.

त्यानंतर मी रोज अर्ध्यातच पुस्तक मिटू लागले. मामा झोपू लागले, बीपी खाली येत गेलं. फोन सुटल्यामुळे मीही कितीतरी दिवसांनी गाढ झोपत होते, हे कबूल करायला हवं. आत्या मात्र माझ्याशी तुटक वागत. ऐन वेळी घरात अपशकुन चालवलाय असं त्यांना वाटत असणार, आणि उद्या काही बरंवाईट झालं तर बोल मलाच लागणार.

मामांना दवाखान्यात भरती केलं त्या संध्याकाळी मी पुस्तक उघडलं. शेवटची थोडी पानं उरली होती. मामा म्हणाले, "आज शेवटपातूर वाच. हिच्या मनाला लागलंय ते."

त्यांनी आत्यांसाठी माघार घेतली होती, आणि ते ऐकून मला आनंद व्हायच्या ऐवजी रडू फुटायला आलं. एक वाक्य वाचलं असेल नसेल, आत्यांनी माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं, खूणही न घालता मिटलं आणि आपल्या पिशवीत टाकलं.

"ऱ्हाऊ द्या तसंच," त्या मामांना म्हणाल्या. "घरी आल्यावर बघू."

मामांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग कूस बदलली आणि झोपले.

सकाळी नर्सने बीपी मोजलं आणि ते ठीक निघालं. मामांना आत नेलं, दार बंद झालं. आम्ही बाकावर बसलो. माझा नवरा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. वेळ जाता जात नव्हता. न राहवून मी आत्यांच्या पिशवीत हात घातला. नुसतं शेवटचं पान बघायचं होतं, तो खलाशी घरी पोचतो की नाही एवढंच.

आत्यांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात गार पडला होता, पण पकड घट्ट होती.

"न्हाय," त्या दाराकडे बघत म्हणाल्या. "ते आल्याबिगर कुणी वाचायचं न्हाय."