सोमाचा गोल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ज्यांना पुढे गोलकीपिंग शिकवली त्यांना तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल — जमेल का? बघतो.

आधी माझी बाजू. सवयच आहे, कोणताही सौदा असो, आधी माझी बाजू. बाप लाकडाच्या डेपोवर हमाल होता. फुटबॉल मला कुणी शिकवला नाही. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, आणि चांद्यापासून गडचिरोलीपर्यंत जो संघ बोलावेल त्याच्या गोलात मी उभा राहत होतो — आज डेपोचा, उद्या रेल्वेचा, परवा राईस मिलचा. जोडे आणि जेवण आधी ठरवल्याशिवाय मैदानात उतरत नसे. पण पक्की नोकरी एकाच संघात होती, कोळसा खाणीच्या. आणि खाण गोलकीपर नागपूरहून आणायची. सलग तीन वर्षं. माझ्यात काय कमी होतं? तो राग अजून आहे.

त्या वर्षी धान निघाल्यावर आरमोरीला सामने भरले. खाणीचे साहेब अंतिम सामना बघून एकच माणूस निवडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंतिम सामन्यात मी डेपोच्या गोलात, समोर ढिवरांचा संघ — तलावावर मासे धरणारे, अनवाणी खेळणारे. त्यांच्या पुढच्या फळीत सोमा. तसा पाय मी पुन्हा पाहिला नाही.

तेव्हा आमच्याकडे गोलाला जाळी नसायची. दोन खांब, वर आडवा बांबू. सामन्याआधी सोमा मासेमारीचं जुनं जाळं घेऊन आला आणि खांबांना बांधू लागला. मी भडकलो.

"काऊन बे, मले मासा समजला का?"

"तसं नाई, भाऊ. बॉल आतून गेला का बाहेरून, त्याचं भांडण नाई होत."

"एकाच गोलाले जाळं? दोन आण, मंग बांध."

दुसरं त्याच्याकडे नव्हतं, हे मला दिसत होतं. पंचांना माझं म्हणणं पटलं. जाळं सुटलं. तेव्हाच माझ्या मनात काही होतं का? — नक्की सांगता येत नाही.

शेवटची काही मिनिटं. गोल कुणाचाच नाही. सोमाने डावीकडून मारला. मी झेपावलो, बोटांना नुसता वारा लागला. चेंडू माझ्या डोळ्यांदेखत खांबाच्या आतून — चांगला वीतभर आतून — गेला आणि मागच्या तुरीत शिरला. पंच बरेच मागे, धुळीत होते. धापा टाकत आले आणि त्यांनी मलाच विचारलं. भांडखोर आहे, पण खोटं बोलत नाही, अशी माझी ख्याती होती.

"बाहेरून," मी म्हणालो.

"आतून गेला. याले माहीत आहे," सोमा म्हणत राहिला. मग त्याने पंचांची कॉलर धरली. त्याला बाहेर काढलं. खाणीने मला घेतलं. सोमाला लोक लबाड म्हणू लागले. पुढे कोणत्याच संघाने त्याला बोलावलं नाही.

इतकंच असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. जागा एक, गरजू दोन — असं मी स्वतःला पटवलं होतं. फक्त तो चेंडू दिसायचा. दाढी करताना, भात कालवताना. आवाज नाही. खांबाच्या आतून जायचा, बस.

मग राज्य बदललं, आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. माझे गुडघे गेले, आणि मी खाणीच्या संघाचा कोच झालो. एका सकाळी सराव चालू असताना सोमा आला. मी शिट्टी वाजवेपर्यंत कडेला उभा राहिला. खूप वाळला होता. मग सगळ्या संघासमोर त्याने हात जोडले.

"भाऊ, तुमाले लबाड म्हणलो होतो मी. तवापासून इचार करून राह्यलो. एवढे लोक म्हणते, तं माहीच नजर चुकली असन. माफ करजा."

तो माझ्याकडे बघत होता. सांगायला वेळ होता — भरपूर वेळ होता. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"होते माणसाच्या हातून चूक," मी म्हणालो. "केलं माफ."

त्याचा चेहरा मोकळा झाला. तो गेल्यावर आमच्यातला एक खेळाडू म्हणाला, "मन मोठं आहे तुमचं, भाऊ."

मी त्याला नाही म्हटलं नाही.