दिम्तूला लागलेलं गाणं

जत्तानी म्हणजे आमचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान; मी त्यांच्याच घरी राहतो. विहिरीत उतरून गाणारा त्यांच्यासारखा माणूस आम्हा गुरं पाळणाऱ्या बोराना लोकांत दुसरा नव्हता. मी मेहुणा असूनही हे कबूल करतो, यात सगळं आलं. आमच्या विहिरी खोल. आत माणसांची साखळी उभी राहते, बादल्या हातोहात वर जातात आणि खालचा माणूस गात राहतो. प्रत्येक घरचं गाणं वेगळं. सगळ्यांची गुरं एकत्र उभी असली तरी ज्या घरचं गाणं लागेल, त्याच घरची पुढे येतात.

अशा माणसानं सिंहांच्या छावणीत नोकरी धरली, तेव्हा आम्ही त्यांची यथेच्छ टिंगल केली. सिंहांनी गुरं मारली म्हणून कोणीतरी विषाचं मांस टाकलं होतं. त्यात मेलेल्या सिंहिणीचं पिल्लू छावणीत आलं होतं. ते वाढवून रानात सोडायचं, हे तिथल्या डॉक्टरीणबाईंचं काम. दाजींनी पिल्लाला बाटलीनं दूध पाजलं आणि नाव ठेवलं दिम्तू, म्हणजे तांबडी. आमच्याकडे या नावाची एखादी गाय बहुतेक घरात असते.

गाईचं नाव ठेवल्यावर पुढचं ओघानंच आलं. ती दूध प्यायची, तेव्हा दाजी आमच्या घरचं गाणं गायचे. पुढे मांस टाकताना, हौदात पाणी ओततानाही गायचे. तिला माणसाचा लळा राहू नये म्हणून दूध सुटल्यावर बाईंनी नियम घातले होते. हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. दाजींनी ते अगदी इमानानं पाळले. गाणं यात मोडतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. मुक्या जनावराला तोंड मिटून पाणी द्यायचं, हे आमच्यातल्या कोणालाच सुचलं नसतं.

दिम्तू शिकार करू लागली. तिला नदीपलीकडे सोडलं, त्या आनंदात छावणीत बकरं कापलं आणि दाजी घरी आले. उन्हाळा कडक होता. आमची पाण्याची पाळी आली, दाजी विहिरीत उतरून गाऊ लागले आणि वर एकच धावपळ उडाली. दिम्तू सरळ हौदापाशी येऊन बसली होती, वाढण्याची वाट बघत. तिनं कुणाला नख लावलं नाही, पण पळापळीत एका वासराचा पाय मोडला. भाले निघाले, तशी ती उठून झाडीत गेली.

संध्याकाळी झाडाखाली म्हातारे जमले.

"जत्तानी, तुझी लेक माहेरी आली होती म्हणे," दाजींचे थोरले चुलते दुबा आबा म्हणाले. "उपाशीच पाठवलीस?"

"आबा, तिनं कुणाला काही केलं नाही."

"आज नाही केलं. उद्या माझा नातू हेच गाणं म्हणत गुरं आणेल. ती काय समजेल? ताट वाढलंय." आबांनी लोण्यात तळलेली कॉफीची बोंडं तोंडात टाकली. "गाणं बंद ठेवलं तर गुरं पाण्याला यायची नाहीत. पुढच्या पाळीच्या आत काय ते बघ. नाहीतर भाले आहेतच."

छावणीतल्या बाई म्हणाल्या, तिला परत आणता येईल, पण मग ती जन्मभर पिंजऱ्यातच. दाजींनी घरी येऊन हे सांगितलं.

"वासराचं दूध तोडायला गाईच्या सडांना शेण फासतो ना आपण?" माझी बहीण दर्मी म्हणाली. "मग? गोड तुम्ही केलंत, कडूही तुम्हीच करा."

दुसऱ्या दिवशी आम्ही नदीपलीकडे गेलो. मी दगड उचलला, तर दाजींनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"लिबान, तू मारलास तर ती तुला भिईल. गाण्याला नाही."

ते गाऊ लागले. दिम्तू आली, शेवटचं थोडं अंतर तर धावतच. दाजींनी गाता गाताच दगड मारला. तिला तो खेळ वाटला. दुसरा खांद्यावर बसला, तेव्हा ती मागे सरली आणि उभी राहून बघू लागली. दाजींनी पुन्हा गाणं उचललं, आणि ती पुन्हा आली. हे मला अजून सहन होत नाही. पण दाजींनी सूर हलू दिला नाही. हलला असता तर ती भलतंच काही शिकली असती. मग पेटवून ठेवलेल्या जाळातलं लाकूड त्यांनी तिच्या तोंडावर फेकलं. ती ओरडली आणि झाडीत शिरली. त्यानंतर दाजी बराच वेळ गात राहिले. ती आली नाही.

पुढल्या उन्हाळ्यात दाजींनी आणि मी नदीच्या अलीकडून तिला पाहिलं. बरोबर दोन पिल्लं होती. तेवढ्यात विहिरीकडून दाजींच्या मुलाचा आवाज आला, आमचंच गाणं. दिम्तू ताडकन उठली. पिल्लांना पुढे घातलं आणि टेकडीमागे पळवत नेलं.

"दाजी, जिंकलात की," मी म्हणालो.

"हो. पोरांनाही शिकवलंन तिनं," ते म्हणाले, "माझ्या आवाजाला भ्यायला."

आणि माझ्यादेखत ते रडले. मीही त्यांना गप्प केलं नाही. मग डोळे पुसून ते विहिरीवर गेले, मुलाला वर बोलावलं आणि स्वतः खाली उतरले. वर गुरं तहानलेली होती, दाजींना गावंच लागलं.