पाटाच्या कडेने लेकीच्या घरी

सुंदरम्मा भाकऱ्या कानडीत मोजते आणि भांडण मराठीत करते. पहिली भाकरी कावळ्याची, तुटकी नवऱ्याची. वाळलेल्या भाकरीवर ती नखाने टिचकी मारते आणि कान देते. आवाज बसका आला तर ती भाकरी पुन्हा चुलीच्या कडेला उभी राहते. कनवटीला लिंबू असतं, बारा महिने. गल्लीत रिक्षा शिरली की पदर नाकाला जातो. शेजारच्या बाळाचा पाळणा हलत असेल तर ती त्याच्याकडे पाठ करून बसते. सायकल हातात धरून ती कधी चालत नाही. चार घरं पलीकडे जायचं असलं तरी साडीचा घोळ कमरेला खोचून चढूनच जाते.

संस्कृतीने हे सगळं जिन्यावरून पाहिलं होतं. ती माळशिरसकडची. मराठीत एम.ए. केलं आणि सोलापुरात एका कॉलेजात तासांवर शिकवायला लागली, तेव्हा तिने सुंदरम्माची वरची खोली भाड्याने घेतली. जिना चुलीशेजारून जायचा. येता-जाता तिथे टेकायची सवय लागली. वयात तीसेक वर्षांचं अंतर, पण मैत्री झाली.

सुंदरम्माला गाडी लागते. गाडी पुष्कळांना लागते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पण अक्कलकोटकडून ती लग्न होऊन आली, तेव्हा वरात दारात वाजत होती आणि नवरी मोरीत ओकत होती. पुढे नवऱ्याची, गुरुशांतची, गिरणी बंद पडली. तो यंत्रमागावर जायला लागला. सुंदरम्माने कडक भाकऱ्या करून दुकानांना द्यायला सुरुवात केली. रिक्षाने जाणं शक्य नव्हतं, म्हणून नवऱ्याची सायकल शिकली. त्या सायकलवर तिने संसार चालवला. एका लेकीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं.

"सायकल पण हलतेच की, काकू," संस्कृती एकदा म्हणाली. "मग ती कशी लागत नाही?"

"सायकल मी हलवते," सुंदरम्मा म्हणाली. "गाडी मला हलवते."

लेक सिद्धेश्वरी दिली होती टेंभुर्णीच्या पलीकडे, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला. लग्नाला सहा वर्षं झाली. त्या सहा वर्षांत सुंदरम्माने लेकीचं घर पाहिलं नव्हतं. पहिल्या वर्षी गोळी खाऊन, पोटावर वर्तमानपत्र बांधून, खिडकीची जागा धरून ती एसटीत बसली. मोहोळला कंडक्टरनेच तिला हाताला धरून उतरवलं. नंतर लेकीने फोनवर घर दाखवायचं ठरवलं. फोन घेऊन ती अंगणातून स्वयंपाकघराकडे निघाली, आणि इकडे सुंदरम्माने डोळे मिटून घेतले.

"फोन हलवू नको गं. लागतंय."

गुरुशांत वर्षातून एकदा मोटरसायकलवर जाऊन यायचा. आला की ती विचारायची, घर कसं आहे?

"घर हाय. भिंती हायत. वर पत्रा हाय."

"चूल कुटल्या बाजूला?"

"ते न्हाई बघितलं."

गेल्या दिवाळीला सिद्धेश्वरी माहेरी आली होती. निघताना, चप्पल घालता घालता, म्हणाली, "अव्वा, माझ्या सासूला वाटतं तुला यायचंच न्हाई. आता मला बी तसंच वाटाय लागलंय." आवाज चढवून म्हणाली असती तर सुंदरम्माने उत्तर दिलं असतं. ती हळू म्हणाली. त्यानंतर कितीतरी दिवस गुरुशांतच्या ताटात तुटक्या भाकऱ्या जास्त पडत होत्या.

एका दुपारी संस्कृतीने फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडला आणि फोन जमिनीवर ठेवला. हलू नये म्हणून.

"हा पाट, काकू. उजनीचा. तुमच्या लेकीकडून पाणी निघतं आणि इकडं येतं."

सुंदरम्मा पीठ लागलेल्या हातांनी वाकली. "ही कडेची रेघ?"

"पाटाच्या भरावावरचा रस्ता. पाटबंधारेवाल्यांच्या जीपसाठी केलेला. आता फारसं कुणी जात नाही."

"गाड्या न्हाईत?"

"नाहीत."

सुंदरम्मा पुन्हा भाकरी थापायला लागली. संस्कृतीला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिना उतरली तर सायकल अंगणात उलटी उभी होती आणि सुंदरम्मा साखळीला तेल सोडत होती.

"मधेच बसशील आणि मला फोन करशील," गुरुशांत म्हणाला. "मी गाडी घेऊन यीन. मग बसशील का तिच्यावर?"

"तुमी फक्त लेकीला फोन करू नका. पोचले न्हाई तर तिला ते बी कळायला नको."

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली तसं दोघी निघाल्या. कॉलेजात स्नेहसंमेलनाची सुट्टी होती. संस्कृतीने मैत्रिणीची गिअरची सायकल मागून आणली होती. सुंदरम्माच्या कॅरिअरला कडक भाकऱ्यांचा डबा, शेंगाचटणी, आणि लेकीसाठी एक इरकल साडी.

शहर सुटलं, गावरस्ते सुटले, आणि त्या भरावावर चढल्या. संस्कृतीला पहिल्यांदा जाणवलं ते कानांना. हॉर्न नव्हता, इंजिन नव्हतं. पाटाला पाणी सुटलेलं होतं, त्याचा आवाज. एका अंगाला पोटरीला आलेली ज्वारी, दुसऱ्या अंगाला ऊस. भरावावरून दोन्हींकडे खाली बघत जायचं. तारेवरून खंड्या पाण्यात पडायचा आणि मासा घेऊन वर यायचा. रस्त्याला चढ म्हणून नव्हता. पाणी ज्या उतारावरून चालतं त्याला काय चढ असणार. सुंदरम्मा पुढे होती. पदर खोचलेला, पाठ ताठ. बऱ्याच वेळाने संस्कृतीच्या लक्षात आलं की तिने पदर नाकाला एकदाही लावला नव्हता.

पहिली रात्र त्या मोहोळकडच्या एका मठात राहिल्या. दुसऱ्या दिवशी एका गावाजवळ रस्त्यावर आडव्या बाभळीच्या फांद्या टाकलेल्या दिसल्या. काठावर एक म्हातारी शेळ्या राखत बसली होती. रंभाबाई तिचं नाव.

"गाड्यांना बंदी हाय," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "उसाच्या ट्रॅक्टरनी सगळा भराव खचवला. गावानं काटं टाकल्यात."

"ही गाडी न्हाय, सायकल हाय," सुंदरम्मा म्हणाली.

"चाकं हायत की."

"चाक कुंभाराकडं बी असतं. त्याला गाडी म्हणतीस का? मला गाडीत बसता येत न्हाई म्हणून तर ह्या रस्त्यानं आलीय."

रंभाबाई हसली. तिने एका फांदीचा बुडखा काठीने बाजूला ओढला. लेकीकडे चाललीय हे कळल्यावर दुसरीही ओढली. मग तिघींनी पाटाच्या कडेला बसून भाकरी खाल्ली. रंभाबाईला दात कमी होते, तिने भाकरी पाण्यात बुडवून घेतली.

संस्कृतीला रस्ता चुकण्याची काळजी होती. ठिकठिकाणी मोठ्या पाटातून लहान पाट, चाऱ्या, फुटत होत्या, प्रत्येकीच्या कडेने वाट होती, आणि फोनला रेंज नव्हती.

"वर जाताना कोण चुकतंय," रंभाबाई म्हणाली. "सगळ्या चाऱ्या मोठ्या पाटालाच येऊन मिळत्यात. परत येताना बघा. तवा एकीच्या दोन, दोनाच्या चार हुत्यात."

सुंदरम्माने डब्याचं फडकं सोडलं. जुन्या साडीचं लाल फडकं होतं. त्याच्या तिने तिथेच चिंध्या फाडल्या आणि पुढच्या फाट्यावरच्या बाभळीला एक बांधली. दोन गाठी मारल्या, ओढून पाहिली. मग प्रत्येक फाट्यावर थांबणं ठरून गेलं. ती उतरायची, चिंधी बांधायची, ओढून बघायची, चढायची.

"परत यायचं आत्ताच कशाला?" संस्कृती म्हणाली. "आधी पोचू तरी."

"पोचणार की. परत वाट चुकले तर म्हातारा म्हणंल, बघ, म्हटलं हुतं."

तिसऱ्या दिवशी ओढा आडवा आला. पाट वरून बांधीव पुलाने पलीकडे जात होता, पण रस्त्याचा छोटा पूल खचलेला. दुरुस्तीला खडी टाकायला एक टेम्पो उभा होता. टेम्पोवाला भीमा म्हणाला, "मावशी, सायकली टाका मागं. हायवेनं फिरून पल्याड सोडतो. धा मिन्टं. पैसे बी नकोत."

संस्कृतीचे गुडघे भरून आले होते. तिच्या तोंडाकडे बघून सुंदरम्माने टेम्पोच्या पायरीवर पाय ठेवला. इंजिन चालू होतं. डिझेलचा वास आला. कनवटीचं लिंबू तिने नाकाला लावलं. मग पाय खाली घेतला.

"सहा वर्षांनी आई येणार," ती म्हणाली, "आणि दारात उतरणार ती ओकत. सासूला काय वाटंल ते वाटू दे. लेकीला मी तशी दिसणार न्हाई."

तिने चपला काढल्या, डबा डोक्यावर घेतला आणि ओढ्यात उतरली. पाणी गुडघ्याच्या वर होतं, खाली गाळ, दोन्ही बाजूला पाणकणसं माणसापेक्षा उंच. मधेच एक पाय रुतला. ती तिरकी झाली, डबा कलला. संस्कृती ओरडायच्या आत ती सावरली आणि पुढचं पाऊल टाकलं. भीमाने इंजिन बंद केलं. दोन्ही सायकली एकामागून एक खांद्यावर घेऊन पलीकडे नेल्या.

"माजी बायको बी असलीच," तो पलीकडे म्हणाला. "सासरवाडीला मी एकटाच जातो."

"तिला सायकल शिकव," सुंदरम्मा म्हणाली आणि त्याच्या हातात दोन भाकऱ्या ठेवल्या.

धरण आलं तिथे पाट संपला. पुढे फुगवट्याच्या काठाने मळ्यांमधून वाट होती. पाणी इतकं पसरलं होतं की पलीकडचा काठ धुरकट दिसत होता. उथळात लांब गुलाबी पायांची पाखरं माना खाली घालून चरत होती. संस्कृतीने ती चित्रांत पाहिली होती. सुंदरम्माने पाहिलीच नव्हती. ती सायकलवरून उतरली. हँडल हातात धरून, तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच असेल, ती सायकलशेजारी चालत राहिली. संस्कृती मागून बघत होती. शहरात रिक्षा शिरली की पदर नाकाला लावणारी बाई ती हीच का, हे तिला ठरवता येईना.

शेवटच्या फाट्यावर बाभळ होती. एक वाट केळीच्या बागेत जात होती, एक पाण्याकडे. सुंदरम्माने चिंधी काढली, फांदीला गुंडाळली. पहिली गाठ मारली.

केळीतून कुणीतरी येत होतं. झपझप. गुरुशांतला राहवलं नव्हतं. त्याने सकाळीच लेकीला फोन करून सगळं सांगितलं होतं, चुलीचंही.

"अव्वा," सिद्धेश्वरी लांबूनच म्हणाली. तिला दम लागला होता. तिने आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चिखलाने भरलेले पाय पाहिले, सायकल पाहिली. मग म्हणाली, "चुलीवर आधण ठेवून आलेय. चल, बघ तरी कुटल्या बाजूला हाय ते."

सुंदरम्मा निघाली. सायकल तिने कुणाकडे दिली नाही, कडेला लावलीही नाही. हातातून सोडली ती सरळ गवतात आडवी झाली.

संस्कृतीने ती उचलली. दोन्ही हातांत दोन सायकली धरून ती बाभळीखाली उभी राहिली. चिंधीला एकच गाठ होती. दुसरी मारायची राहिली होती, आणि वाऱ्याने तिचं एक टोक सुटत होतं.