गिरजाबाईच्या झाडाचा फोटो

रामाजी चिमूर-भद्रावती एसटीवर कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुना डिजिटल कॅमेरा घेतला. दर पानगळीत गावामागच्या डोंगराचे फोटो काढायचे. उघडे साग, कुसुमाची लाल पालवी. माणसांचे नाहीत, माणसं बसमध्ये पुरेशी पाहिली म्हणतात.

यंदा वाघाने दोन जीव घेतले आणि गावाभोवती तारेची जाळी आली. डोंगराकडे जाणं बंद.

त्यांची बायको गिरजाबाई कंबर मोडून खाटेवर. तिला एकच घोर, पायथ्याच्या तिच्या मोहाच्या झाडाचा. आमच्याकडे झाडाखालचा पाला जो झाडून जाळतो, त्या साली फुलं त्याची. वीस वर्षं तीच जाळत आली.

"फोटो काढून पाहा ना," ती म्हणाली. "खाली जमीन काळी झाली का?"

आठ दिवस रामाजी जाळीपाशी उभे. कॅमेरा दर वेळी जाळीच पकडायचा. तारेवरचा गंज लख्ख, मागे डोंगर म्हणजे सांडलेला चहा.

मी शेजारीण. वैतागून कॅमेऱ्याची पुस्तिका वाचली. "रामाजीभाऊ, आपोआप फोकस बंद करा. भिंग जाळीला टेकवा, त्याच्यावरचं कडं हातानं फिरवा."

"मशीनले समजते, बाई."

"आठ दिवसांत काय समजलं तिला?"

"पंचवीस वर्षं तिकिटं फाडली मी. मले नका शिकवू."

नवव्या दिवशी रामाजींनी भिंग जाळीला टेकवून कडं फिरवलं. डोंगर उमटला, सागाची काडी न् काडी. पायथ्याशी मोह, त्याखाली काळी जमीन. बाजूला खराटा घेतलेली बुधरी, गिरजाबाईची थोरली जाऊ. नाल्याकडून जाळीखालून सरपटत गेली असणार.

रामाजी कुजबुजले, "हा मिटवतो. धुकटच दाखवतो."

"मिटवा. पण तिनं विचारलं तर मी खोटं सांगणार नाही."

दाखवला बिचाऱ्यांनी. गिरजाबाईने कॅमेरा डोळ्यांशी धरला.

"एकटीच गेली का थे?"

"एकटीच दिसते."

"वाघ हाय अन् एकटीच!" तिने फोटोतल्या काळ्या जमिनीवर बोट ठेवलं. "पाय चालते, त मीबी गेली असती."

रामाजी घाईने म्हणाले, "अजून एक हाय. नुसत्या डोंगराचा. लय मस्त आला."

गिरजाबाईने कॅमेरा त्यांच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.