जाळ्यात धामण

आमच्या पनवेलच्या घरामागे मी थोडी मेथी, वांगी आणि दोडक्याचा वेल लावते. मेथी जरा वर आली की धाकट्या जावेच्या कोंबड्या शेजारून यायच्या आणि सगळं उकरून टाकायच्या. तिला सांगायला गेले तर म्हणाली, "कोंबडीला काय सांगू ताई, ती शाळंत गेलेली नाय."

माझा भाऊ मोरा बंदरात असतो, मासेमारी करतो. त्याने होडीवरचं विरलेलं जाळं आणून दिलं. आमच्यात जुनं जाळं कोणी फेकत नाही, कुंपणाला वापरतात. मीही चारी बाजूंनी बांधलं, खालची कड मातीत दाबली. मेथी बघा कशी फोफावली. पाखरांसाठी पसरट कुंडीत पाणीही ठेवू लागले. पाखरं आली, मग बेडूकही आले. मला वाटलं, किती चांगलं करतेय मी.

एका सकाळी तिकडे फसफस ऐकू आली. जाळ्याच्या खालच्या कडेत धामण अडकली होती. बेडकांच्या मागे आली असेल. जितकी ओढ घेई तितका दोरा अंगात रुतत होता, खवले निघाले होते.

आमचे हे काठी घेऊन आले. मी म्हटलं, "मारू नका, धामण आहे. उंदीर खाते."

"मारतो कशाला? डोकं दाबून धरतो, तू काप. आनि हात सांभाळ, दात तिलापन हायत."

माझी भाजीची कात्री. एक दोरा कापायला गेले आणि दुसराच ताणला. ती फुत्कारायची, मी "थांब गं बाय, थांब" म्हणायचे, जसं काही तिला कळणार होतं. शेवटचा दोरा तुटला तशी ती धुणं धुवायच्या दगडाखाली शिरली. जगली की मेली, कोण जाणे.

भावाला फोन केला तर तो हसला. "आमाला म्हावरा मिलत नाय आनि तुला परसात मिलतंय." मग म्हणाला, "खालचं सोड. वर उचलून बांध."

तसं बांधलं. आता कोंबड्या खालून आत येतात. मेथी गेलीच. हे बाजारातून जुडी आणतात आणि ओट्यावर ठेवतात.

मला खरंच समजत नाही. पाणी ठेवलं म्हणून बेडूक आले, बेडकांमुळे धामण आली, आणि तिला अडकवलं मीच. पाणी बंद केलं तर पाखरं कुठे जातील? जाळं खाली सोडलं तर परत कोणी अडकेल. धाकटी जाऊ म्हणते, "सोड गं ताई खाली, ती कवाच मेली असंल."

म्हणूनच जाळं खाली सोडवत नाही. रोज सकाळी दगडाखाली वाकून बघते. काही दिसत नाही. मागे कोंबड्या उकरत असतात, त्यांना हाकलायचंही राहून जातं.