मुराळ्याची गाडी

जुनी जर्मन गाडी पुण्याहून आणली तेव्हा मला तिच्यात बसून कुठे मिरवायचं नव्हतं, मला ती खोलून बघायची होती. एकेकाळी बड्या लोकांची असलेली ती गाडी स्वस्तात मिळाली, आणि का मिळाली ते परभणी येईपर्यंत कळलंही. शहरात लावायला जागा नव्हती, म्हणून पिंगळीजवळच्या आमच्या गावी ट्रॅक्टरशेजारी पत्र्याखाली उभी केली. रविवारी जायचं, एक बिघाड काढायचा आणि दुसरा करून परत यायचं, असं चाललं होतं. गाडीचं पोट रस्त्याला घासतं म्हणून गाव हसून घ्यायचं.

वडील हसले नाहीत. एकदा दार उघडून ते सीटवर टेकले, पाय आत घेतले आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "आक्काला चढावं लागणार न्हाई."

आक्का म्हणजे माझी पूर्ण्याची आत्या. तिचे गुडघे पार गेलेले. एसटीची पायरी, रेल्वेचा डबा, उंच जीप, काहीच जमत नव्हतं, त्यामुळे कित्येक वर्षांत तिने माहेर पाहिलं नव्हतं. सणाला बहिणीला न्यायला जातो तो मुराळी. वडिलांनी सत्तरी ओलांडलेली, आत्या त्यांच्याहून मोठी, तरी येत्या दिवाळीला आपण मुराळी म्हणून येणार असं त्यांनी तिला फोनवर सांगून टाकलं. माझ्या हौसेचं असं काम होऊन बसलेलं मला आवडलं नाही. तरी मी ब्रेक दुरुस्त केले, रेडिएटर बदलला, आणि दसऱ्यापर्यंत गाडी बऱ्यापैकी पळायला लागली.

दसऱ्याला आमच्याकडे अवजारं, वाहनं धुऊन पुजतात. वडील फवारणीच्या पंपाने ट्रॅक्टरचं इंजिन धुतात, आतून बाहेरून, चिखलाचा कण ठेवत नाहीत. मी झेंडूची फुलं घेऊन पोचलो तेव्हा माझ्या गाडीचंही बॉनेट उघडं होतं. इंजिन लखलखीत, त्यावर हळदकुंकू, आणि गाडी ठप्प. इंजिन चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी पाण्याने भरली होती. माझा तोल गेला. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" असं मी चारचौघांत ओरडलो. वडिलांनी पाईप गुंडाळला आणि ते घरात गेले.

पेटी पुण्याहून यायची होती. ती येईतो दिवाळी होऊन गेली. मी भाड्याने गाडी करू म्हणालो, तर मुराळी भाड्यानं जात न्हाई, एवढंच म्हणाले. आत्याचा फोन आला की ते उठून अंगणात जायचे. मला वाईट वाटत होतं, आणि राग अजून होताच.

मार्गशीर्षात गाडी चालू झाली, तशी आम्ही पूर्ण्याला गेलो. आत्याने दसऱ्यालाच पिशवी भरून ठेवली होती, असं तिच्या सुनेने सांगितलं. ती सीटवर टेकली, पाय आत घेतले, झालं. वडील मागे तिच्याजवळ बसले. कुणाचा कापूस, कुणाची सोयरीक, गाव येईपर्यंत दोघांचं चालू होतं. मी ड्रायव्हर.

ती आठवडाभर राहिली. परत जायच्या सकाळी मी गाडी पत्र्याखालून काढून दारात आणली. आत्या ओसरीवर पिशवीजवळ बसून बघत होती. वडील बाहेर आले, बॉनेट उघडून आत वाकले आणि जरा वेळाने परत आले.

"आक्का, गाडी चालू व्हायना," ते म्हणाले. "पोरगं बघायलाय."

किल्ली माझ्या हातात होती. दोघंही माझ्याकडे बघत होते. दोन-चार दिवस तरी लागतील, असं मी सांगितलं. आत्याने पिशवीतून लुगडं काढलं आणि परत दांडीवर टाकलं.