आमच्या मेसचा पाहुणा

अन्याय झाला तो आमच्या मेसच्या स्वयंपाक्यावर. एकोणीसशे एकसष्टच्या जूनमधला शेवटचा सोमवार, सकाळचा चहा नुकताच झाला होता. करणारे आमच्याच कंपनीचे मॅनेजर. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्या स्वयंपाक्याच्या गमती सांगणार आहे आणि त्या नादात तुम्ही मूळ मुद्दा विसराल. मीही विसरतो.

"मी तर पावना रे," हे त्याचं पालुपद. परातीत पीठ मळता मळता म्हणायचा. कुणी आमटीत मीठ कमी म्हणालं की पिठाचा हात वर करायचा, "पावन्याला नावं ठेवतात काय रे, पुढारी?" पुढारी म्हणजे मी. मुंबईत गिरण्यांच्या दारात पत्रकं वाटायचो, मग इथे टायपिस्ट म्हणून आलो, हे कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं.

तो जयगडच्या खाडीकाठचा, कोकणी मुसलमान. सगळे त्याला मामू म्हणत. कुवेतमध्ये अबू हलीफाला समुद्राजवळ आमची बराक होती, तिथे तो सगळ्यांचं रांधायचा. पण कागदावर तो स्वयंपाकी नव्हताच. कंपनीने त्याला पाहुण्याच्या व्हिसावर आणला आणि "पुढच्या खेपेला कामाचा करू" म्हणत वर्षानुवर्षं तसाच ठेवला. मुदत संपत आली की त्याला कंपनीच्या गाडीतून हद्दीपलीकडे, इराकमधल्या बसऱ्याला धाडत. संध्याकाळी नाक्यावर नवा शिक्का घेऊन तो पुन्हा पाहुणा होऊन आत यायचा आणि थेट चुलीपुढे बसायचा. असा एखादा तुमच्याही पाहण्यात असेल.

मी चिडून अर्ज टाइप केला. मामू सही करीना.

"तुझ्या अर्जाने माझी सहल बंद होईल."

"मामू, ही सहल नाही, ही फसवणूक आहे."

"एकदा चल माझ्यासंगती. मग सांग."

एका सुट्टीला गेलो. बसऱ्याच्या नदीवर पोचल्याबरोबर त्याने लुंगी गुडघ्यापर्यंत खोचली आणि खजुराच्या झाडाखाली पाण्यात पाय सोडून बसला. जेवणाचं नावही काढीना. मग म्हणाला, "समुद्र नुसता जागच्या जागी हलतो. हे पाणी बघ, कुठंतरी चाललंय." निघताना डबाभर पाणी भरून घेतलं. पाहुण्याने रिकाम्या हाताने परतू नये, ही त्याच्या गावची रीत. त्या रात्रीची डाळ त्याने त्या पाण्यात शिजवली आणि वाढताना प्रत्येकाला बजावलं, "सावकाश. नदी हाय." बसऱ्याहून आला की नेहमीचंच होतं हे. मी दोनदा डाळ घेतली. अर्ज ड्रॉवरमध्येच राहिला. फसवणूक होती हे नक्की, पण फसलेला माणूस इतका खूश कसा, याचा माझ्या एकाही पत्रकात उल्लेख नव्हता.

मग तो जून आला. कुवेत स्वतंत्र होऊन आठवडा होत होता, तोच रविवारी बगदादच्या रेडिओने जाहीर केलं की कुवेत हा इराकचाच भाग आहे. मामूची मुदत नेमकी संपत आलेली. सोमवारी सकाळी तो पासपोर्ट हातात घेऊन गोंधळलेला उभा होता.

"पुढारी, तो रेडिओ म्हणतो हद्दच नाय. मग मी वलांडू काय? आणि शिक्का कशाचा मारतील?"

मी तसाच उठलो. मॅनेजरांकडे गेलो. म्हटलं, आज पाठवू नका, लढाई होईल म्हणतात. ते म्हणाले, "न पाठवला तर उद्यापासून तो बेकायदा. तुला चालेल?" गेला तर धोका, राहिला तर गुन्हा. हे कोडं घालणाऱ्याने मात्र टाय नीट केला आणि फोन उचलला.

जाण्याआधी मामूने सुरमईला हळद, मीठ, आमसूल लावून बर्फावर ठेवली. "आल्यावर तळतो. कोणी हात लावायचा नाय."

पुढचं ड्रायव्हरने सांगितलं. तो श्रीवर्धनचा, मामूला तोच न्यायचा. परतताना कुवेतच्या नाक्यावर गाड्यांची ही रांग. पाहुण्यांना आत सोडत नव्हते. पोलीस उन्हाने बेजार झालेले. मामूला कुठे राहवतंय? त्याने त्यांच्याच स्टोव्हवर वेलची घालून चहा केला. एका शिपायाने घोट घेतला आणि हिंदीत विचारलं, "ऐसा चाय किधर बनाता है?"

आता कोकणातल्या स्वयंपाक्याच्या चहाचं कौतुक झाल्यावर तो खोटं बोलेल कसा? छाती काढून त्याने कंपनीचं नाव सांगितलं. किती वर्षं ते सांगितलं. सुरमई बर्फावर आहे, तेही सांगितलं.

अधिकारी भला होता. म्हणाला, काम करतोस तर कंपनीचा कागद आण, सोडतो. मामू नाक्यावर बसला आणि ड्रायव्हर गाडी पिटाळत बराकीवर आला.

मॅनेजरांनी कागद दिला नाही. दिला असता तर इतकी वर्षं काय चाललं होतं ते उघड झालं असतं. मी टाइप करून समोर ठेवला, फक्त सही हवी होती. ते म्हणाले, "आपल्याकडे असा कुणी नोकर नाही. पाहुणा होता, गेला."

ड्रायव्हर रिकाम्या हाताने परत गेला, तेव्हा मामू तिथे नव्हता. एका ट्रकमधून बसऱ्याकडे गेला, असं नाक्यावरचे म्हणाले. जाताना शिपायाला विचारत होता म्हणे, गाडीला उशीर का झाला असेल. त्यानंतर काही कळलेलं नाही. मुंबईची बोट मिळाली असेल. नसेलही. कधी वाटतं, तो पाण्यात पाय सोडून बसला आहे आणि मजेत आहे. मग माझा मलाच राग येतो, कारण मॅनेजरांनाही नेमकं हेच वाटतं.

सुरमई ड्रायव्हरने तळली. तुकडे ताटांत तसेच राहिले. दोनच दिवसांत नवा स्वयंपाकी आला. हात चांगला आहे त्याचा. मी त्याचा पासपोर्ट मागून पाहिला. तोही पाहुणाच. मी ताटावरून उठलो.

आता तुमचं सांगा. तुमच्या मेसमध्ये आज कोण वाढतंय? घास उचलण्याआधी त्याला विचारा, व्हिसा कसला आहे. पाहुण्याचा असला तर ताट तसंच साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवा, आणि त्याला कामाचा कागद मिळेपर्यंत जेवायला बसू नका.